ओव्हन रोज चालतो का?

३ जानेवारी

ताई,

पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते, पण तुझी तब्येत ठणठणीत आहे असं धरून थेट कामाचं बोलतो. येत्या वीस फेब्रुवारीला आपल्या मोटर वाइंडिंगच्या वर्कशॉपला पंचवीस वर्षं होतायत. एक मोडका टेबलफॅन आणि दुसऱ्याची पक्कड, एवढ्यावर सुरू केलं होतं. आज साठ माणसं कामाला आहेत. तुझी भावजय म्हणते, हॉल घ्या, भाषण करा. मी म्हटलं, साठ जणांना माझं भाषण ऐकवण्यापेक्षा त्या दिवशी लवकर घरी सोडतो, जास्त दुवा देतील.

तर ठरलंय असं की प्रत्येकाच्या हातात एक डबा बिस्किटं द्यायची. बाजारची नाहीत, तुझ्या हातची. लहानपणी पत्र्याच्या डब्यात भाजून तू मला शाळेत द्यायचीस, ती चव अजून जिभेवर आहे. मधे पाठवलेले दोन डबेही तसेच खमंग होते.

भावोजी गेले तेव्हा सगळे मला सांगत होते, बहिणीला इकडे घेऊन ये. मी म्हटलं, माझी ताई कुणाच्या घरी कोपरा धरून बसणारी नाही. मी तिला चांगली चार कॉईलची, खाली ओव्हन असलेली रेंज पाठवतो, बघा ती कशी उभी राहते. राहिलीस ना, बिस्किटांच्या ऑर्डरींवर? कामावर नवीन माणूस आला की मी त्याला तुझं उदाहरण देतो.

साठ डबे जमतील का, कळव. लिहून कळव. फोनवर तू "हो हो, सगळं छान" म्हणतेस आणि ठेवून देतेस. आमच्याकडे तक्रारसुद्धा मी लेखी घेतो. तोंडाने माणूस काहीही बोलतो, लिहिताना जरा कचरतो.

तुझा धाकटा


९ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि आकडा दोनदा वाचला. साठ डबे! पण करीन. तुझ्या माणसांना नाही कसं म्हणू?

फक्त एक अडचण आलीय. काल ओव्हन लावला आणि मिनिट-दोन मिनिटांत घरातली लाईट गेली. खटका वर केला, लाईट आली. पुन्हा ओव्हन लावला, पुन्हा गेली. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी शेजारच्या बाई बॅटरी घेऊन दारात आल्या, म्हणाल्या, "काय हो, शिट्टी-बिट्टी मारायचीय का, की नाटक सुरू होतंय?" वरच्या चारही शेगड्या मात्र बिनतक्रार चालतात. एरवी असं कधी झालं नव्हतं.

आमच्या इमारतीचा वायरमन येऊन गेला. त्याला सगळे टेस्टरकाका म्हणतात, कारण टेस्टर कायम सदऱ्याच्या खिशाला पेनासारखा अडकवलेला असतो. वीस वर्षं इमारतीचं सगळं काम तोच बघतो. त्याने वाकून ओव्हनच्या आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठून म्हणाला, "ताई, घाईचं आहे का?" मी म्हटलं, आहे. तर म्हणाला, उद्या मीटर घेऊन येतो.

तुला काय वाटतं ते कळव. तू म्हणशील ते खरं.

तुझी ताई


१३ जानेवारी

ताई,

घाबरू नकोस. खटका पडतो म्हणजे घर जळण्याआधी कुणीतरी ओरडतंय. ओरडणाऱ्यावर चिडायचं नाही, कुठे दुखतंय ते विचारायचं. मी इथून, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतोय, तेव्हा तू माझे डोळे हो.

बोर्डात दोन प्रकारचे खटके असतात. एक, भार जास्त झाला की पडतो. दुसरा, वीज नको तिकडे, म्हणजे जमिनीकडे, झिरपायला लागली की पडतो. त्या दुसऱ्यावर तपासणीचं बारीक बटण असतं. तर प्रश्न पहिला: यातला कुठला पडतो? दुसरा, किती वेळाने? घड्याळ लावून बघ, अंदाजपंचे नको. तिसरा, वरच्या शेगड्या आणि ओव्हन वेगवेगळे लावून काय होतं? चौथा, मागच्या भिंतीला ओल आहे का? पाचवा, एवढ्यात बोर्डाला किंवा प्लगला कुणी हात लावलाय का?

आणि सहावा: ओव्हन रोज चालतो का? तुझा चालतो हे मला माहीत आहे, तरी नियम म्हणून विचारतो. साठ माणसांकडून हा प्रश्न मीच घोकून घेतलाय, तेव्हा बहिणीला सूट देता येत नाही. शक्य असेल तर गेल्या महिन्यात कधी, किती मिनिटं लावलास त्याची नोंदही पाठव. तू लिहून ठेवत असशीलच.

धाकटा


१८ जानेवारी

धाकट्या,

उत्तरं क्रमाने देते. बारीक बटण असलेलाच खटका पडतो. ओव्हन लावल्यावर बरोबर पन्नास सेकंदांनी. शेगड्या एकट्या लावल्या तर काही होत नाही. भिंत कोरडी आहे. बोर्डाला गेल्या उन्हाळ्यात टेस्टरकाकाने हात लावला होता, स्वयंपाकघरातला प्लग सैल झाला होता तो त्याने बदलला.

सहावा: रोज. कधी कधी दोनदा. नोंद सोबत पाठवतेय.

टेस्टरकाका मीटर घेऊन आला होता. फरशीवर मांडी घालून तासभर बसला. म्हणाला, "खालच्या एलिमेंटात ओल धरलीय. काढून नेतो, दोन दिवस सुकवतो, येईल ताळ्यावर." मी म्हटलं, थांबा, आधी भावाला विचारते. तो म्हणाला, "विचारा की. तेही हेच सांगतील."

मग मी चहा ठेवला, तर प्यायला थांबला नाही.

बिस्किटांसाठी डबे आणून ठेवलेत. साठ डबे घरात मावत नाहीत, पलंगाखाली, कपाटावर, सगळीकडे तेच. रिकाम्या डब्यांचा फार आवाज होतो रे. जरा धक्का लागला की सगळे बोलायला लागतात.

ताई


२२ जानेवारी

ताई,

ओल? मी हसून हसून बेजार झालो. वर्कशॉपात वाचून दाखवलं, तिथेही हशा.

समजावून सांगतो. एलिमेंट म्हणजे नळी असते. तिच्यात पांढरी पूड भरलेली असते आणि ती पूड हवेतलं पाणी ओढते, बरणीतल्या मिठासारखी. म्हणून एखादा ओव्हन वर्षभर बंद राहिला आणि मग एकदम लावला, तर खटका पडतो. हे बरोबर. पण रोज तापणाऱ्या ओव्हनात ओल कुठून येणार? उद्या हा म्हणेल, तापल्या तव्यावर शेवाळ उगवलं! तुझी नोंद समोर आहे, पंधरा मिनिटं, तीस मिनिटं, पंचेचाळीस. किती नीटनेटकी. एवढं सगळं तू सांगूनही याला ओलच सुचते, म्हणजे याला येत काही नाही, सांगायला काहीतरी हवं म्हणून सांगतोय.

माझं निदान ऐक. गेल्या उन्हाळ्यात त्याने प्लग बदलला ना? तिथेच घोळ घातलाय. न्यूट्रल आणि अर्थ, या दोन वायरी एकीला एक टेकवून ठेवल्या असणार. नवशिक्याची चूक आहे, आणि वीस वर्षं मुरलेल्या माणसाने केली तर ती चूक नाही, निष्काळजीपणा आहे. अशा माणसाच्या हातात अख्खी इमारत? तिथे माणसं राहतात.

मी तुमच्या समितीच्या चिटणिसांना लेटरहेडवर लिहिणार आहे. एक तारखेला टपालात टाकतो. तोवर तुझं काही वेगळं म्हणणं असेल तर कळव. तू त्या माणसाला ओळखतेस, मी नाही.

धाकटा


२७ जानेवारी

धाकट्या,

तू म्हणतोस तसं असेल. त्याचं वयही झालंय, हात थोडा थरथरतो.

लिहायलाच हवं का? माणूस तसा गरीब आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तुझं तू बघ. मला त्यातलं काय कळतं?

यंदा डबे बाहेरून घेतलेस तर नाही का चालणार?

ताई


१ फेब्रुवारी

माननीय चिटणीस यांस,

माझ्या थोरल्या भगिनी आपल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरातील रेंज लावताच खटका पडतो. आपल्या वायरमनने हा दोष एलिमेंटमधील ओलीचा ठरवला आहे. रेंज दररोज वापरात असल्याने हे अशक्य आहे. त्याने स्वतः बदललेल्या प्लगमध्ये न्यूट्रल व अर्थ यांची गल्लत झालेली असावी. विषय जीविताचा आहे. पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, अशा माणसाच्या हाती इमारतीचे काम ठेवणे धोक्याचे आहे.

आपला,
(वर्कशॉपचा शिक्का व सही)


८ फेब्रुवारी

साहेबांस नमस्कार.

मी आपल्या बहिणीच्या इमारतीचा वायरमन. म्हणजे गेल्या बुधवारपर्यंत होतो. आपलं पत्र चिटणिसांनी मला जिन्यात उभं करून वाचून दाखवलं. मीटरच्या खोलीची किल्ली मी तिथेच दिली.

हे पत्र काम परत मागायला नाही. न्यूट्रल आणि अर्थ मी एकत्र केले असं आपण लिहिलंत. ते माझ्या हातून झालेलं नाही. आणि तसंच कागदावर राहिलं, तर पुढचा माणूस ते खरं धरून नीट असलेल्या वायरी उगाच तोडेल. म्हणून मी घेतलेली मापं पाठवतो. आपण जाणकार आहात.

बोर्डापासून प्लगपर्यंतची वायर: मेगरचा काटा शेवटाला, म्हणजे गळती नाही. न्यूट्रल आणि अर्थ वेगळे, दोनदा तपासले. वरच्या चार कॉईल: स्वच्छ. ओव्हनचं वरचं एलिमेंट: स्वच्छ. खालचं एलिमेंट: जिथे कोटीत माप यायला हवं तिथे जेमतेम पाच हजार ओहम. खालचं सोडवून बाकी ओव्हन लावला, तर पाऊण तास खटका पडला नाही. ताईंच्या समोरच लावला होता.

ओल का धरली, हे आपण विचाराल. ते मी लिहिणार नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आम्ही वाकतो ते खटका कशाने पडला ते बघायला. बाकी जे दिसतं ते तिथेच ठेवून यायचं, असं मला शिकवणाऱ्याने शिकवलं.

ताईंना या पत्राबद्दल काही बोलू नये ही विनंती. आपल्या वर्कशॉपला पंचवीस वर्षं होत असल्याचं ताईंकडून कळलं. चांगली गोष्ट आहे.

आपला,
वायरमन


१२ फेब्रुवारी

ताई,

या जानेवारीआधी ओव्हन शेवटचा कधी लावला होतास?

धाकटा


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

कधीच नाही.

एवढे दोन शब्द लिहायला दोन दिवस गेले. आता बाकीचं लिहिते, मधे उठले तर पुन्हा बसणार नाही.

रेंज आली त्या दिवशी बसवणारा माणूस सांगून गेला, पहिल्यांदा ओव्हन रिकामाच तापवा, थोडा वास येईल, घाबरू नका. मी तोही तापवला नाही. आज करू, उद्या करू. हे जाऊन महिना झाला होता, मला स्वतःपुरता भात शिजवायचा कंटाळा यायचा, तिथे बिस्किटं कुणासाठी करू? आणि खरं सांगायचं तर मला येतच नाहीत. तुला आठवतात ती बिस्किटं माझी नव्हती रे. शेजारच्या कंपाउंडरची बायको द्यायची, मी फक्त तुझ्या दप्तरात ठेवायचे. रेंज पाठवताना तू एवढ्या प्रेमाने ती आठवण लिहिलीस, मला वाटलं, आता कशाला खोडायची. तिथून सगळं सुरू झालं.

तू विचारलंस, ऑर्डरी येतात का? मी लिहिलं, येतात. मग पुढच्या पत्रात वाढवाव्या लागल्या. तुला पाठवलेले दोन डबे कोपऱ्यावरच्या बेकरीचे. मी नुसता आतला कागद बदलला. ओव्हनच्या जाळीवरचं प्लास्टिक या जानेवारीत काढलं, तुझं साठ डब्यांचं पत्र आलं तेव्हा. तेही मागच्या बाजूला थोडं चिकटून राहिलं होतं. माहितीपुस्तक न फोडलेल्या पिशवीत ओट्यावर होतं. टेस्टरकाकाने वाकून पाहिलं ते हे. त्याला सगळं तेव्हाच कळलं, आणि त्याने मला तोंडाने एक शब्द विचारला नाही. फक्त घाई आहे का, एवढंच.

या वेळी मला खरंच करायची होती. वाटलं, साठ डबे एकदा खरे झाले की मागची तीन वर्षंही खरी होतील.

मी मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीत भाज्या चिरते. सकाळी सहा ते दुपारी दोन. काम वाईट नाही, तिथल्या बायका गप्पिष्ट आहेत, मला बरं वाटतं. पण तू साठ माणसांना माझं उदाहरण देतोस. कांदे चिरणाऱ्या बहिणीचं उदाहरण कसं देशील? तुला पाठवलेली नोंद मी तिथेच जेवणाच्या सुट्टीत बाकावर बसून रचली. शेजारची विचारत होती, काय लिहितेस, मुलाच्या शाळेचं?

आता सर्वांत वाईट. तू एक तारखेपर्यंत थांबला होतास. "तुझं काही वेगळं म्हणणं असेल तर कळव" असं विचारलंही होतंस. मी "असेल" म्हटलं. वर त्याचा हात थरथरतो असंही लिहिलं. त्याचा हात थरथरत नाही, धाकट्या. सुईत दोरा ओवायला मीच त्याला सांगते.

चिटणीस जिन्यात तुझं पत्र वाचत होते तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन वर चढत होते. "रेंज दररोज वापरात असल्याने" असं त्यांनी वाचलं, तेव्हा मी त्याच्यापासून दोन पायऱ्यांवर होते. तो भिंतीला चिकटून उभा राहिला, मला वाट करून दिली, म्हणाला, "या ताई." आणि मी गेले. वर गेले, दार लावलं, भाजी निवडायला बसले.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र चौथ्यांदा वाचून उत्तर लिहितोय.

रागावलो असेन असं तुला वाटेल. रागावायला जागा राहिली असती तर बरं झालं असतं. मी लोकांना सांगत फिरतो की नुसत्या आवाजावरून मला मोटर कळते, बेअरिंग गेलं की कॉईल जळली ते दारातून सांगतो. आणि तुझी नोंद? पंधरा, तीस, पंचेचाळीस. खऱ्या नोंदीत सतरा मिनिटं असतात, नऊ असतात, एखादा दिवस विसरलेला असतो. माझ्या माणसाने असा कागद आणला असता तर मी दारातच विचारलं असतं, "काय रे, कुठे बसून भरलास?" तुझा वाचला आणि म्हटलं, किती नीटनेटकी.

त्या डब्यांचंही तसंच. दुसरा डबा उघडला तेव्हा तुझी भावजय म्हणाली होती, "ही बेकरीची वाटतात हो." मी तिला म्हटलं, तुला चव कळत नाही. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. आता तिची माफी मागितली, तर म्हणते, "माझी राहू द्या, त्या माणसाची मागा."

त्याचं काय करायचं, ताई? त्याने मला मापं पाठवलीत. आकडा न् आकडा बरोबर. मी असतो तर तीच मापं, त्याच क्रमाने घेतली असती. फरक इतकाच की घेतली त्याने आणि लेटरहेड होतं माझ्याकडे. "येत काही नाही" असं मी ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याने माझं एक अक्षर न वाचता दोष ओळखला होता. त्याच्या निदानावर वर्कशॉपात हसलेली माणसं उद्या समोर बसतील. डबे नाहीत, हे त्यांना सांगेन. का नाहीत, हेही सांगावं लागेल. बघतो जीभ किती उचलते.

चिटणिसांना आजच दुसरं पत्र टाकलंय. माझं निदान साफ चुकलं, वायरमनचं बरोबर होतं, त्याला सन्मानाने परत घ्या, असं लिहिलंय. का चुकलं ते लिहिलेलं नाही. तुझं नाव त्यात कुठेही नाही, काळजी करू नकोस. तू काही बोलू नकोस, मी निस्तरतो.

आणि खानावळीत काय काय चिरतेस ते लिही. कधी विचारलं नाही मी.

धाकटा


४ मार्च

धाकट्या,

तुझ्या पत्राने काम झालं नाही. काय झालं ते सांगते.

रविवारी समितीची सभा होती, तळमजल्यावर, खुर्च्या कमी म्हणून निम्मे लोक उभे. त्याच दिवशी टेस्टरकाकाला त्याची शिडी आणि बाकीचं सामान न्यायला बोलावलं होतं. तो शिडी घेऊन दाराशी थांबला होता, सभा संपली की निघायचं म्हणून. चिटणिसांनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "याला म्हणतात मोठ्या मनाचा माणूस! एका गरिबाच्या पोटावर पाय नको म्हणून चूक स्वतःच्या अंगावर घेतली. एवढा मोठा कारखानदार!" टाळ्या वाजल्या, धाकट्या. तुझ्यासाठी. शिडीवाल्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. मग ठरलं की भावना समजली, पण नवीन माणूस नेमलाय तो नेमलाय, जीविताचा प्रश्न आहे.

पुढचा विषय गच्चीचा होता. मी उठले.

म्हटलं, "भावाने खरंच लिहिलंय. ओव्हन मी तीन वर्षांत एकदाही लावला नव्हता."

चिटणीस म्हणाले, "ताई, बसा. तुम्हालाही वाईट वाटणं साहजिक आहे."

"वाईट नाही वाटत, खोटं बोलले होते ते सांगतेय. ओव्हन बंद पडून होता म्हणून ओल धरली. काका पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते. रोज चालतो असं मी भावाला लिहिलं."

तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका म्हणाल्या, "अहो पण तुमच्या ऑर्डरी? पहाटे बाहेर पडता त्या?"

"भाज्या चिरायला जाते. वसतिगृहाच्या खानावळीत."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे बिस्किटं भाज्यांची होती वाटतं!" आणि हशा पिकला. मीही हसले असते, पण चेहरा वळेना. खाली बसायचं होतं, तर माझी खुर्ची तोवर कुणीतरी घेतली होती. तशीच उभी राहिले गच्चीचा विषय संपेपर्यंत.

शेवटी चिटणिसांनी नव्या माणसाला नको म्हणून कळवायचं ठरवलं आणि किल्ली टेस्टरकाकाच्या हातात दिली. म्हणाले, "झालं गेलं विसरून जा." तो म्हणाला, "हो." बाहेर मी त्याला गाठलं. माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं, नुसतंच म्हटलं, काका, चुकलं. तो शिडी खांद्यावर घेत म्हणाला, "ताई, मला माहीत होतं तेवढं पुरे होतं. एवढ्या लोकांसमोर कशाला सांगितलंत?" मी म्हटलं, नाहीतर तुम्ही परत कसे आला असतात? तर म्हणाला, "नसतो आलो. दुसरीकडे गेलो असतो. तिथे मला कुणी ओळखलं नसतं."

एलिमेंट नेऊन त्याने सुकवून आणलं. ओव्हन आता चालतो. मी अजून काही केलेलं नाही त्यात, हे खरं लिहितेय.

तुला वाटेल, चला, निदान तो परत आला. मलाही सोमवारी तसंच वाटलं. मंगळवारी तो शिक्षिकांच्या घरी नवीन बोर्ड बसवत होता. दार उघडं होतं, मी जिन्यात होते. शेवटचा स्क्रू बसवून तो उठला आणि बाई म्हणाल्या, "काका, पक्कं झालंय ना? नाही, आपलं विचारलं हो." चांगल्या आहेत त्या, मनात काही नसतं. पण वीस वर्षांत या इमारतीत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. बसवला, निघाला, संपलं, असंच असायचं.

तो पुन्हा खाली बसला, बसवलेला बोर्ड उघडला, एकेक स्क्रू काढून तळहातावर ठेवला आणि बाईंना जवळ बोलावून आतल्या वायरी दाखवल्या. ही लाल, ही काळी, ही हिरवी, बघा, कुठेही टेकलेली नाही. मग बंद केला.

आज तो दुसऱ्या मजल्यावर गेला होता. तिथे कुणी काहीच विचारलं नाही, म्हातारे आजोबा तर पेपर वाचत बसले होते. तरी त्याने काम झाल्यावर बोर्ड परत उघडला आणि त्यांना बोलावून दाखवला.

ताई